एकोणतीस वर्षांचं शून्य

डेपोत त्यांना सगळे सोडाराव म्हणायचे. कुणाची बढती असो, कुणाचा निरोप असो, बाकीच्यांच्या हातात काही ना काही रंगीत असायचं आणि हे महाशय साध्या सोड्याचा ग्लास धरून भिंतीला टेकून उभे. नऊ वाजले की ग्लास खाली ठेवायचा आणि घर गाठायचं. शहर बसचे ड्रायव्हर, नोकरी एकोणतीस वर्षांची, निवृत्तीला चौदा महिने बाकी. आपण कधी प्यायलो नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं नाही. डेपोतली नळी सांगायची.

त्या नळीचं असं, की बसची किल्ली हातात मिळण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने एका खिडकीशी जायचं आणि मशिनच्या नळीत दम लावून फुंकायचं. प्यायलेला असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा, आणि शेजारी आकडा. खिडकीच्या आत टेस्टवाल्या मॅडम बसायच्या. आकडा मोठ्याने वाचायचा आणि मगच नोंदवहीत लिहायचा, हा त्यांचा शिरस्ता; दुपारच्या पाळीची रांग फाटकापर्यंत गेली तरी त्यात बदल नाही. सोडारावांचा आकडा मात्र त्या मशिनकडे न बघताच वाचत. "शून्य," म्हणत आणि पेन चालवत. एकदा सोडाराव म्हणाले, "मॅडम, बघा तरी." तर त्या म्हणाल्या, "तुमचं काय बघायचंय? तुमच्या फुंकेने मशिनच साफ होतं." सोडाराव आठवडाभर खूश होते.

तर अशा माणसाच्या पोटी असे चिरंजीव.

चिरंजीवांचं वय सव्वीस. विसाव्या वर्षी मित्रांबरोबर प्यायला लागला, बाविसाव्या वर्षी मित्र सुटले आणि दारू राहिली. कॉलेज अर्धं टाकलं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सात महिने काढले, कुरिअरच्या गोदामात चार. हात मोठा गुणी होता पोराचा. बंद पडलेला फोन उघडून बसला की तासाभरात चालू करून द्यायचा. पण त्याच हातांना सकाळी चहाचा कप धरवेना, तेव्हा कुठे आईबापांच्या डोक्यात प्रकाश पडला. मग रडारड, शपथा, व्यसनमुक्ती केंद्र, तीन महिने बरे, पुन्हा घसरगुंडी, पुन्हा केंद्र. दुसऱ्या खेपेला अठ्ठावीस दिवस राहून तो घरी आला, त्याला आता दोन आठवडे होत आले होते.

सोडारावांना राग दारूचा होताच, पण त्याहून जास्त राग होता तो काहीच न कळण्याचा. इंजिन तापलं तर त्याला कारण असतं, ते शोधता येतं. इथे झाकण उघडून बघावं तर आत सगळं जागच्या जागी. मायेत कमी नाही, शिक्षणात कमी नाही, मारझोड नाही. "तुला कमी काय होतं?" हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारला होता, की तो पूर्ण व्हायच्या आतच मुलगा "काही नाही, बाबा" म्हणून मोकळा व्हायचा. यावर पुढे काय बोलायचं, हे सोडारावांना तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मग ते ओरडायचे. ओरडून झालं की घसा बसायचा आणि पुन्हा काही कळलेलं नसायचं.

आणि लाज होती ती वेगळीच. डेपोत त्यांनी सांगून ठेवलं होतं, मुलाला पोटाचा विकार आहे. रजा काढायची तर पोट, केंद्रात भेटायला जायचं तर पोट. ही थाप सांभाळता सांभाळता त्यांच्या नाकी नऊ आले. त्यांच्या बसवरचा कंडक्टर, अकरा वर्षांचा जोडीदार, माणूस अगदी भाबडा. त्याने तीन डॉक्टरांचे पत्ते दिले आणि कुठूनशी एक पावडर आणून दिली. "रोज सकाळी दोन चमचे. माझ्या मेहुण्याला गुण आला." सोडाराव महिनाभर "फरक पडतोय, फरक पडतोय" म्हणत राहिले. डबा टाकून द्यायला जीव होईना, म्हणून शेवटी त्यांनी स्वतःच तो संपवला आणि त्यांचं पोट बिघडलं.

सकाळी बायको बालवाडीत शिकवायला गेली, की घरात सोडारावांची झडती सुरू व्हायची. पाळी दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी. गादीखाली, संडासाच्या टाकीत, बुटांत, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून. खरा घोळ होता तो बाटल्यांचा. चिरंजीव पाण्यासारखी दिसणारी, फारसा वास नसलेली दारू आणायचे आणि घरातल्या कुठल्याही बाटलीत भरून ठेवायचे. सोडारावांचं नाक डिझेलच्या धुराने कधीच कामातून गेलेलं. म्हणून मग जीभ. दिसेल ती बाटली उघडायची, बोटावर थेंब घ्यायचा, चाखायचा आणि थुंकायचा. व्हिनेगर चाखून झालं, बॅटरीत घालायचं पाणी झालं, एकदा तर काच पुसायचं निळं पाणी झालं.

"एक दिवस फिनेल पिऊन मराल," बायको म्हणायची. "आणि मी लोकांना काय सांगू? नवरा झडती घेताना गेला म्हणून?"

"सांग, पोटाचा विकार होता," सोडाराव फणकारायचे.

त्या दिवशी त्यांना युनिफॉर्मला इस्त्री करायची होती. कपड्यांवर पाणी मारायची रोजची फवाऱ्याची बाटली सापडेना. बायकोने ती बालवाडीतल्या कुंड्यांसाठी नेली होती. न विचारता, अर्थातच. या घरात प्रत्येक वस्तू आपल्या पायांनी चालत जाते, असं पुटपुटत त्यांनी कपाटाच्या तळाशी, जुन्या पडद्यांच्या मागे हात घातला आणि पूर्वीची एक जुनी बाटली ओढून काढली. वर धूळ, आत निम्म्यापर्यंत पाणी. आयतंच भरलेलं आहे म्हणून त्यांनी कॉलरवर फवारा मारला आणि इस्त्री टेकवली. भसकन वाफ नाकात गेली. कामातून गेलेल्या त्या नाकालाही कळलं.

पण खात्री करायला हवी. त्यांनी बाटलीचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि एक फवारा जिभेवर मारला. जीभ चरचरली. बोटावरचा थेंब वेगळा, फवारा वेगळा. म्हणून पुन्हा एक मारला. मग रागाच्या भरात, आता खात्री करायला काही उरलेलं नाही हे लक्षातच न येऊन, तिसरा मारला आणि चौथा. थुंकायचं राहूनच गेलं.

चिरंजीव बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले होते. शेजाऱ्यांचा फोन उघडून, बारीक पेचकस घेऊन, मुगाएवढे स्क्रू एका झाकणात ओळीने मांडून ठेवत होते. सोडारावांनी बाटली त्या झाकणाशेजारी दाणकन आपटली. चार स्क्रू उडाले.

"हे काय आहे?"

मुलाने बाटलीकडे बघितलं. बघतच राहिला. "ही... जुनी आहे, बाबा."

"जुनी! मुरायला ठेवली होतीस?"

"केंद्रात जायच्या आधीची आहे. ठेवलेली विसरलो."

"तू? दारू ठेवलेली जागा तू विसरलास?"

"तेव्हा मला कसलं भान होतं? निम्म्या तर तुम्हीच शोधून काढल्यात. मी प्यायलेलो नाही, बाबा. आज एक्केचाळीस दिवस झाले."

"त्यातले अठ्ठावीस कुलपातले! ते कशाला मोजतोस? कुलपात कुणीही साधू होतो."

"मग तेरा मोजा. तेरा तरी मोजाल?"

"मी आता काहीही मोजणार नाही!" सोडारावांचा आवाज चढला. "तीन वर्षं तुझ्या शपथा ऐकतोय मी. पाठ झाल्यात. निदान खोटं बोलताना तरी माणसाने काहीतरी नवीन बोलावं!"

मुलगा खाली वाकून स्क्रू शोधायला लागला. "ओतून टाकू?" त्याने टेबलाखालूनच विचारलं.

"हात लावायचा नाही. आई येऊ दे, तिला दाखवतो तिच्या लाडक्याचे प्रताप." एवढं बोलून सोडारावांनी अर्धवट इस्त्रीचा शर्ट अंगात चढवला, घड्याळ बघितलं आणि दार आपटून बाहेर पडले. घर ते डेपो सात मिनिटं. रागात ती पाच झाली.

खिडकीपाशी त्यांनी नेहमीसारखं फुंकलं. मॅडम नेहमीसारख्या "शून्य" म्हणाल्या आणि पेन टेकवलं. आणि मशिन किंचाळलं. लाल दिवा.

रांगेतले सगळे माना लांब करून बघायला लागले. मॅडमनी आधी मशिनकडे बघितलं, मग सोडारावांकडे, मग पुन्हा मशिनकडे, जणू दोघांपैकी एकाने त्यांना दगा दिला होता. "मशिनला काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. "पुन्हा फुंका बघू." पुन्हा लाल.

अशा वेळचा नियम पक्का होता. चूळ भरायची, समोरच्या बाकावर बसायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. नुसतं तोंडापुरतं काही लागलेलं असेल तर तेवढ्यात निघून जातं. पुन्हा लाल आला तर निलंबन आणि चौकशी. हिरवा आला तरी वहीत कारण लिहून सही करायची, आणि कारणाला काहीतरी दाखवायला हवं.

"कारण काय लिहू?" मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं.

"खोकल्याचं औषध," सोडाराव म्हणाले. कसं सुचलं ते त्यांनाही कळलं नाही. तीन वर्षांचा सराव होता.

"मग बाटली मागवून घ्या. दाखवावी लागेल."

त्यांनी चूळ भरली, बाकावर बसले आणि घरी फोन लावला. "ऐक. कपाटात खोकल्याचं औषध आहे. ती बाटली घेऊन डेपोत ये. विचारलं तर सांग, बाबांनी सकाळी दोन चमचे घेतलं."

 पलीकडून मुलाने विचारलं, "तुम्हाला लाल आला?"

"आला! तुझ्या कृपेने आला!"

"म्हणजे मी तिथे येऊन खोटं सांगायचं?"

"आजवर एवढं खोटं बोललास, एक बापासाठी बोल!" म्हणून त्यांनी फोन बंद केला.

आणि मग बाकावर बसल्या बसल्या त्यांना आठवलं. ती बाटली. निम्मी भरलेली. ती टेबलावर तशीच होती. पोराला खोटारडा ठरवायचं, त्याचे दिवस मातीमोल करायचे, मग दारूची बाटली त्याच्या हाताशी ठेवून दार ओढून घ्यायचं आणि वर फोन करून पुन्हा टोचायचं. एवढा उपद्व्याप तर त्याच्या त्या दोस्तांनीही केला नव्हता. आणि हे सगळं कुणी केलं, तर रोज सकाळी पिठाच्या डब्यात हात घालणाऱ्या बापाने. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं, पण समोर रांग होती.

त्यांनी पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, पण ती बाटली तशीच असू दे, असं त्यांच्या मनात आलं आणि आपण हे कुणाला सांगतोय हे त्यांना कळेना. कंडक्टर येऊन शेजारी बसला. "होतं असं," तो म्हणाला. "मशिनचाच दोष असणार." सोडारावांनी मान हलवली. सात मिनिटं झाली. दहा झाली. उठून घरी पळावं तर बाक सोडला की दुसरी टेस्ट बाद. ते बसून राहिले आणि फाटकाकडे बघत राहिले.

सोळाव्या मिनिटाला मुलगा फाटकातून आत आला. सरळ चालत होता. निदान सोडारावांना तरी तसं वाटलं. हातात बाटली होती आणि ती खोकल्याच्या औषधाची नव्हती.

सोडारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात हजार वस्तू, त्यातली एक नेमकी सांगितलेली, आणि हा गाढव दुसरी घेऊन आला! ते उठून "अरे—" म्हणेपर्यंत मुलगा त्यांच्या बाजूने पुढे जाऊन खिडकीशी पोचलाही होता.

"मॅडम, बाबांनी औषध घेतलेलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज रांगेत शेवटपर्यंत ऐकू जात होता. "ही दारू आहे. माझी. मी कपाटात लपवली होती. ते रोज घरातल्या बाटल्या चाखून बघतात, मी प्यायलो की काय म्हणून. आज ही चाखली. ते पीत नाहीत. मी पितो. म्हणजे, प्यायचो."

 कंडक्टर हळूच म्हणाला, "आणि पोट?"

"पोट चांगलं आहे, काका."

सोडारावांना वाटलं, ही फरशी आत्ताच्या आत्ता दुभंगावी. तीन वर्षं छातीशी धरून ठेवलेली गोष्ट या मुलाने अर्ध्या मिनिटात उघड्यावर टाकली होती, तीही बापाची नोकरी वाचवायला. आता याला झोडपावं की जवळ घ्यावं? दोन्हीतलं काहीच न करता ते खिडकीशी गेले, कारण वीस मिनिटं झाली होती. त्यांनी फुंकलं. हिरवा. मॅडमनी या वेळी मशिनकडे दोनदा बघितलं आणि मग वाचलं, "शून्य."

मग त्यांनी वही पुढे ओढली आणि लिहिता लिहिता, सवयीने, मोठ्याने वाचायला लागल्या. "कारण: मुलाने घरात लपवलेली दारू तपासण्यासाठी चाखली. मुलाला दारूचं व्यसन आहे. हं, करा सही."

सोडारावांनी पेन घेतलं. ती ओळ वाचली. हीच ओळ कुणाच्या तोंडून ऐकावी लागू नये म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, आणि ती आता मॅडमच्या गोल अक्षरात, शिक्क्याशेजारी, सगळ्यांनी ऐकून झालेली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी त्यांना ती वाचवेना. मुलगा बाजूला उभा होता, बाटली दोन्ही हातांत धरून, मान खाली.

"हे अर्धंच आहे," सोडाराव म्हणाले.

"अजून काय राहिलं?"

"पुढे लिहा, की तो एक्केचाळीस दिवस प्यायलेला नाही."

मुलाने मान वर केली.

"सोडाराव, त्याला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या.

"रकान्याचं मला सांगू नका! व्यसन आहे, ते बरोबर बसलं का रकान्यात? ते लिहायचं तर हेही लिहा. नाहीतर मी सही करत नाही."

"गाडी सुटायची वेळ होऊन गेली," कंडक्टर म्हणाला.

"जाऊ दे होऊन."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं. पण मी लिहायचं तर मला पुरावा नको का? हा इथेच आहे, मशिन इथेच आहे. फुंकू दे त्याला एकदा, म्हणजे मिटलं."

मुलगा एक पाऊल पुढे आला. सोडारावांची नजर बाटलीवर गेली. निम्मी. सकाळी निम्मी होती की निम्म्याहून थोडी जास्त? त्यांना नीट आठवेना. सात मिनिटांच्या रस्त्याला याला सोळा मिनिटं लागली होती आणि दोन फोन त्याने उचलले नव्हते. बाटलीच्या मानेवर धूळ होती, पण त्या धुळीत बोटं उमटलेली होती, आणि ती कुणाची ते देवालाच ठाऊक. खरं सांगायचं तर सोडाराव घाबरले. हिरवा आला तर सोनंच. पण लाल आला तर, इथे, या सगळ्यांसमोर, हा पोरगा उद्यापासून कशाच्या बळावर दिवस मोजणार होता?

"तो तुमच्याकडे नोकरीला आहे का?" ते मॅडमवर खेकसले. "नळी ड्रायव्हरांसाठी आहे ना? मग त्याला कशाला? मी सांगतोय. माझ्या नावाने लिहा, मी सांगितलं म्हणून."

 मॅडमनी पेन उचललं आणि त्याच ओळीपुढे, जागा नव्हती तरी अक्षर बारीक करून, लिहायला घेतलं. मध्येच थांबल्या. "एक्केचाळीस की बेचाळीस? आजचा धरायचा?"

"सांग की," सोडाराव मुलाकडे वळून, अजून त्याच तारसप्तकात, ओरडले. "आता का तोंड शिवलं?"

मुलाने बाटली काखेत धरली आणि बाहीने डोळे पुसले. "आजचा नका धरू," तो म्हणाला. "आजचा अजून संपायचाय, बाबा."

"एक्केचाळीस लिहा," सोडाराव मॅडमना म्हणाले आणि त्यांनी सही केली.